व्हॅनमधून फिरताना स्वयंपाकाला गॅसची कुठली टाकी घ्यावी? सातारा-सांगलीकरांनो, जरा सांगा

यवतेश्वर_घाट
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, आत बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं सगळं बसवून झालंय. दिवाळीच्या सुट्टीत सातारा-कोयनानगर-कुंभार्ली घाट-चिपळूण-गुहागर असा पहिला दौरा आहे. जानेवारीत महाबळेश्वर-तापोळा बाजूला थंडीत दोन दिवस, आणि सगळं नीट जमलं तर पुढच्या वर्षी लडाख. माणसं पाच: मी, बायको, दोन पोरं आणि आई. आईला हॉटेलचं जेवण सोसत नाही, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी लागते, म्हणून नुसत्या चहा-मॅगीवर भागणार नाही, रीतसर स्वयंपाक होणार.

प्रश्न असा की गॅस कुठला न्यायचा? घरची १४.२ किलोची उचलून ठेवावी, की ती ५ किलोची छोटी घ्यावी, की ती नवीन आरपार दिसणारी प्लास्टिकसारखी? ट्रेकवाले वापरतात ते कॅन पण बघितले. आणि एक मित्र म्हणतोय की बाजारात ३ किलोची, डोक्यावर बर्नर बसवलेली टाकी मिळते ती घे, कुठंही किलोवर भरून मिळते. बायको म्हणतीय त्या मित्रालाच भरून आण कुठंतरी. अनुभव असलेल्यांनी सांगा.

माणदेशी_माणूस
रोज भाकरी होणार असेल तर फक्त पार्किंगचा पत्ता टाका, टाकी मी घेऊन येतो.

कृष्णाकाठ
सांगलीहून. आम्ही सात-आठ वर्षं ईको घेऊन फिरतोय, दांडोबापासून हंपीपर्यंत. माझं मत सरळ आहे, टाकी किती मोठी, किती हलकी, दिसायला कशी हे सगळं नंतर. संपली की पुढच्या गावात बदलून मिळेल का हे आधी बघा. त्या हिशेबात ५ किलोची फ्री ट्रेडवाली, म्हणजे इंडियन ऑइलवाले जिला 'छोटू' म्हणतात ती बरी. तिला गॅसचं पुस्तक लागत नाही, पत्त्याचा पुरावा लागत नाही, एक ओळखपत्र दाखवायचं, टाकीचे पैसे भरायचे, घेऊन जायचं. एजन्सीत मिळते, काही पेट्रोल पंपांवर पण असते. दर बाजारभावाने लागतो, घरच्या टाकीपेक्षा किलोमागं महाग पडतो, पण फिरायला निघालेल्या माणसाने किलोमागच्या तेवढ्या फरकाचा हिशेब करू नये, तेवढं डिझेल आपण उगाच एसी लावून जाळतो.

एक लक्षात ठेवा, ज्या कंपनीची टाकी त्याच कंपनीकडे बदलून मिळते. इंडेनची रिकामी घेऊन भारत गॅसच्या एजन्सीत गेलात तर ते चहा पाजतील पण टाकी देणार नाहीत. मग निघण्याआधी फोनवर बघा तुमच्या रस्त्यावर कुठल्या कंपनीच्या एजन्सी जास्त आहेत, आणि टाकी घेताना तुमचा रेग्युलेटर तिथंच लावून बघा, घरी येऊन 'बसत नाही' म्हणत बसू नका.

हरिपूरची_बाग
कृष्णाकाठ, एवढा खटाटोप कशाला? घरी दोन टाक्या असतात की सगळ्यांच्या. एक उचलायची, ठेवायची गाडीत. आम्ही नरसोबावाडीला, औदुंबरला जाताना कायम तेच करतो.

कृष्णाकाठ
@हरिपूरची_बाग औदुंबर तुमच्या घरापासून तासाभरावर आहे हो. तिकडं टाकी संपली तर घरी येऊन जेवता येतंय. १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढंच लोखंड, म्हणजे तीस किलोचा ऐवज. कुंभार्लीच्या वळणावर तो सुटला तर गाडीत कुणाच्या पायावर जातोय बघा. शिवाय परत आल्यावर घरात एकच टाकी आणि तीही अर्धी. दिवाळीच्या तोंडावर बायको ते विसरत नाही, अनुभवाचे बोल.

हरिपूरची_बाग
ते शेवटचं वाक्य आधी सांगायचं ना राव. पटलं.

चालकेवाडीचा_वारा
मी ट्रेकवाला. सज्जनगड, वासोटा, कास सगळीकडे छोट्या कॅनवर चहा केलाय. कॅन दोन तऱ्हेचे असतात, एक स्प्रेच्या डब्यासारखा लांबट, साधारण २२० ग्रॅमचा, तो सुटकेसवाल्या शेगडीत आडवा बसतो. दुसरा बुटका, चुडीवर फिरवून बसवायचा, २३० आणि ४५० ग्रॅमचा. लांबट डब्यात बहुतेक नुसता ब्युटेन असतो, बुटक्यात आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असतं म्हणून तो थंडीत जरा जास्त साथ देतो.

पण यवतेश्वर, पाच माणसांच्या दोन वेळच्या भाकरीला कॅन म्हणजे लग्नाच्या पंगतीला वाटीभर आमटी. उघड्यावर एक लिटर पाणी उकळायला १५ ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, म्हणजे २३० चा कॅन पंधरा लिटर पाण्यात आटोपला. आमच्या चालकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाही लावलेल्या, तिथल्या वाऱ्यात तर दहा लिटर पण होणार नाही. वर रिकामा कॅन गुहागरला बदलून मिळत नाही, तो पुण्या-मुंबईच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवायचा.

तरी एक कॅन आणि छोटी शेगडी जवळ ठेवाच. पहाटे धबधब्याजवळ थांबलात, सगळा संसार न उघडता चहा झाला पाहिजे.

माणदेशी_माणूस
वाऱ्याला आडोसा म्हणून सगळ्या बाजूंनी पत्रा लावला तर चालेल का? कॅनवाल्या शेगडीला?

चालकेवाडीचा_वारा
@माणदेशी_माणूस अजिबात नको!! बर्नर कॅनच्या डोक्यावरच असेल तर चारी बाजूंनी पत्रा लावला की उष्णता आत कोंडते आणि कॅन तापतो. एका बाजूने आडोसा, बाकी मोकळं. आणि मधूनमधून कॅनला हात लावून बघायचा, हाताला कोमट लागला की बंद. हात लावायची भीती वाटायला लागली तर आधीच उशीर झालेला आहे.

अजून एक, कॅन डॅशबोर्डवर विसरू नका. त्यावर लिहिलेलंच असतं, ५० अंशांच्या वर नको म्हणून. मे महिन्यात सांगलीत उन्हात लावलेली गाडी आतून तेवढी सहज होते.

कराड_नाका
ती ३ किलोची, डोक्यावर बर्नरवाली मी कॉलेजात असताना चार वर्षं वापरली. रूमवर आम्ही तिघं. काही झालं नाही. लोक उगाच घाबरवतात.

गॅसवाले_नाना
मी एका एजन्सीत तीस वर्षं मेकॅनिक होतो, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो, म्हणून थोडं मोठं लिहितो, वाचा.

कराड_नाका, तुम्हाला काही झालं नाही हे चांगलंच झालं, पण ती भरतात कशी ते बघितलंय का? मोठी टाकी उलटी टांगायची, खाली छोटी ठेवायची, मध्ये नळी, आणि गॅस पाण्यासारखा खाली ओतायचा. वजनाचा काटा असला तर नशीब. कंपनीच्या टाकीत पाचवा हिस्सा जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, कारण आतला गॅस पातळ असतो आणि तापला की फुगतो. ३३ लिटरच्या टाकीत १४.२ किलोच का भरतात, जास्त का नाही, त्याचं उत्तर हे. किलोवर भरून देणारा गळ्यापर्यंत भरतो, गिऱ्हाईक खूष. मग ती टाकी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली की पातळ गॅसला फुगायला जागा नाही. असं एका टाकीतून दुसऱ्या टाकीत भरणं कायद्याने बंद आहे ते काही सरकारला हौस आहे म्हणून नव्हे. असल्या दुकानात लागलेली आग मी माझ्या डोळ्यानी बघितली आहे, जास्त लिहीत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या ॲडॅप्टरने मोठ्या टाकीतून कॅन भरणारे शहाणे पण त्यातलेच. कॅनचा पत्रा टाकीच्या पत्र्यापुढं कागद आहे.

कराड_नाका
नाना, उलटी टांगून भरतात ते बघितलेलं आहे. तेव्हा गंमत वाटायची. मागे घेतो.

यवतेश्वर_घाट
३ किलोचा विषय घरी पण संपला. नाना, मग आरपारवाली कशी?

गॅसवाले_नाना
कंपोझिट म्हणतात ती. आत प्लास्टिकचं भांडं, त्यावर काचेच्या धाग्याचं वेटोळं, वरून पुन्हा प्लास्टिकचं कवच. ५ आणि १० किलोत येते. वजनाला लोखंडाच्या जवळपास निम्मी, गंजत नाही, आणि गॅस किती उरला ते बाहेरून दिसतं. माल चांगला आहे. अनामत रक्कम मात्र जास्त, आणि प्रत्येक एजन्सीत भरलेली तयार असेलच असं नाही. घरात वापरायला मी सुनेला तीच घेऊन दिली, टाकी सरकवताना कंबर धरत नाही. दौऱ्यावर मात्र कृष्णाकाठ म्हणतात ते खरं, जी कुठंही मिळते ती न्या.

लोखंडाच्या टाकीत गॅस किती उरला ते बघायला ओलं फडकं सगळ्या टाकीवरून फिरवायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. वरचा भाग आधी सुकतो, जिथपर्यंत ओल टिकते तिथपर्यंत पातळ गॅस आहे. आमच्या आईच्या काळापासूनची युक्ती.

बुधगावची_शेंग
त्यापेक्षा बॅग तोलायचा हुकवाला काटा घ्या. टाकीच्या कड्यावर रिकामं वजन लिहिलेलं असतं, ते वजा करायचं. फडकं वगैरे पंचांगाचं काम.

गॅसवाले_नाना
पंचांग पण बरोबर असतं कधी कधी.

दिंडीवाले_मामा
रामकृष्ण हरी. आमी वारीचं सांगतो. माऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम. आमच्या दिंडीत अडीचशे माणूस, ट्रकमध्ये सैपाक. तुमच्या कारवानाचा मोठा भाऊ म्हणा. आमच्यात १९ किलोच्या निळ्या टाक्या अन् भट्टी. पहिल्या वर्षी एका हौशी पोरानं ५ किलोची टाकी आणून मोठ्या भट्टीला जोडली, म्हणला लोड हलकं हुतंय. आमटी उकळायच्या आत टाकीला बाहीरनं घाम सुटला, मग पांढरं दहिवर धरलं, आन् जाळ मिणमिण पणतीवाणी. टाकीत गॅस हाय, पर येत न्हाई! शेवटी घमेल्यात पाणी घालून त्यात टाकी उभी केली तवा कुठं आमटी झाली. माऊलीची कृपा, दुसरं काय.

गॅसवाले_नाना
मामा, कृपा आहेच, पण त्यामागचं कारण पण सांगतो. पातळ गॅसची वाफ होताना तो टाकीतली उष्णता खातो. मोठी भट्टी भराभर वाफ ओढते, टाकी गार पडते, गार पडली की दाब कमी, दाब कमी की जाळ कमी. टाकी जेवढी छोटी तेवढं हे लवकर होतं. मोठ्या टाकीत पातळ गॅसही जास्त आणि बाहेरची हवा लागायला अंगही जास्त. म्हणून यवतेश्वर, ५ किलोच्या टाकीला घरगुती दोन बर्नरची शेगडी खुशाल लावा, भट्टी नको. आणि दहिवर धरलं म्हणून टाकीखाली जाळ घालणारे महाभाग पण मी बघितलेत, ते करू नका, साधं किंवा हाताला सोसेल एवढं कोमट पाणी बास.

दिंडीवाले_मामा
बरुबर. पाणी साधंच हुतं.

लेस्टरचा_वाळवेकर
मूळ वाळवा, सध्या इंग्लंडात. इकडे कारवान म्हणजे मोठा संप्रदाय आहे, शनिवार-रविवारी रांगाच रांगा. इकडच्या कॅलॉर कंपनीच्या टाक्यांत निळी म्हणजे ब्युटेन आणि लाल म्हणजे प्रोपेन. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच सोडतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत दम धरतो. म्हणून हिवाळ्यात फिरणारे लाल घेतात. दोन्हींचे रेग्युलेटर वेगळे, निळ्याला खटका दाबून बसतो, लालला उलट्या आट्यांची चुडी. नवीन माणूस पहिल्या दिवशी पाना घेऊन सुलट दिशेने जोर लावत बसतो, मीही बसलो होतो.

आणि गंमत म्हणजे इकडं पण भांडण तेच, टाकी बदलून कुठं मिळेल. फ्रान्सची टाकी स्पेनमध्ये कुणी घेत नाही. कॅम्पिंगगाझची छोटी निळी टाकी बऱ्याच देशांत मिळते पण तिच्यात तीन किलोपेक्षा कमी गॅस आणि भाव सोन्याचा. तेव्हा कृष्णाकाठ यांनी सांगितलं ते सांगलीपासून स्पेनपर्यंत लागू आहे.

एक घ्या इकडून. इथल्या कारवानमध्ये टाकीचं कपाट वेगळं असतं, राहायच्या जागेकडून बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक. तळाला, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर पाण्यासारखा खाली साठतो. वर खिडकी उघडून तो जात नाही.

यवतेश्वर_घाट
अरे बापरे. माझ्या टाकीचं कपाट ओट्याखाली आहे, दार आतल्या बाजूला, भोक नाही. उद्याच फॅब्रिकेटरकडे जातो.

बोगद्यापलीकडे
सगळे गॅसच्या मागे का लागलात? इंडक्शन घ्या. लिथियम बॅटरी, वर सोलर पॅनल, ना गळती ना वास. हे २०वं शतक सोडा आता.

बुधगावची_शेंग
@बोगद्यापलीकडे हिशेब करू. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज, त्यातला दहावा हिस्सा इन्व्हर्टर खातो. दीड हजार वॅटचं इंडक्शन पाऊण तास चालवलं की बॅटरी आडवी. सकाळचा चहा-पोहे होतील. पाच माणसांच्या दोन्ही वेळच्या जेवणाला अशा दोन-तीन बॅटऱ्या, आणि कोयनेला पाऊस लागला तर सोलरला काय, आमरस दाखवायचा?

बोगद्यापलीकडे
मी नवरा-बायको दोघंच फिरतो आणि खिचडी खातो. माझं भागतं.

गॅसवाले_नाना
खिचडी भागते. भाकरी तव्यावरून उतरवून जाळावर टाकल्याशिवाय फुगत नाही, इंडक्शनवर जाळ कुठून आणणार?

माणदेशी_माणूस
आमच्याकडं चुलीतून आर ओढून त्यावर टेकवतात भाकरी. गॅसच्या जाळावरची भाकरी म्हणजे नुसतं समाधान.

शाहूपुरी_कट्टा
आता चुलीवर आलात म्हणून सांगतो, कास-बामणोली बाजूला वनविभागाच्या हद्दीत चूल, शेकोटी काही पेटवू नका. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर वाळक्या गवताला एक ठिणगी पुरते. दरवर्षी आम्ही झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन वणवा बडवत असतो, ते एकदा येऊन बघा म्हणजे चुलीवरच्या मटणाची हौस फिटेल. गॅसची शेगडी पण मोकळ्या गवतावर नको, रस्त्याकडेला मुरमावर किंवा गाडीच्या ओट्यावर.

कराड_नाका
मटणाचा विषय निघालाच आहे तर सातारचा रस्सा चांगला की सांगलीचा

शाहूपुरी_कट्टा
धागा भरकटवू नको.

हरिपूरची_बाग
सांगलीचा.

माणदेशी_माणूस
दोघांनी आटपाडीला या, मग ठरवू.

सह्याद्री_सायकल
लडाखबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. मी सप्टेंबर अखेरीला मनाली-लेह केलंय, सरचूला रात्री पाण्याची बाटली गोठली. लांबट ब्युटेनचा कॅन सकाळी नुसता ढिम्म, हलवला की आत खुळखुळ वाजतोय, पण पेटत नाही. नंतर रोज रात्री कॅन झोपायच्या पिशवीत पायाशी घेऊन झोपलो आणि सकाळी ताटलीत कोमट पाणी घालून त्यात ठेवला, मग पेटला. नानांनी सांगितलेलंच गणित आहे, फक्त तिथं टाकी गार करायला भट्टी लागत नाही, आभाळच ते काम करतं.

दुसरं, उंची. लेह साडेतीन हजार मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ घातली तर सूर्य मावळतो. कुकर न्या, गॅसही निम्मा वाचेल. थंडीत सगळ्यात वाईट मोह म्हणजे दारंखिडक्या लावून आत शेगडी पेटवून ऊब घ्यायची. त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गॅस गिझरने बंद बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, तोच प्रकार. शेगडी स्वयंपाकापुरती, खिडकी उघडी ठेवून.

कृष्णाकाठ
+१. आम्ही दोन अलार्म बसवलेत. गॅस गळतीचा खाली, जमिनीपासून वीतभर. मोनॉक्साइडचा वर, झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीला. दोन्ही मिळून एका मोबाइलच्या कव्हर-चार्जरएवढा खर्च नाही झाला असं म्हणणार होतो, पण झाला, थोडा जास्तच. तरी घ्या.

मिरज_जंक्शन
आम्ही रेल्वेने गोव्याला जातोय, तिथं गाडी भाड्याने. छोटू सामानात नेली तर चालेल का? बॅगेत मावते.

शाहूपुरी_कट्टा
चालत नाही!! रिकामी सुद्धा नको. रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात अशीच लपवून नेलेली टाकी होती, सकाळी चहा करताना आग लागली, नऊ माणसं गेली. गोव्यात उतरून तिथं घ्या.

मिरज_जंक्शन
नको मग, तिथं हॉटेलात जेवू.

यवतेश्वर_घाट
सगळ्यांचे आभार. इंडेनची ५ किलोची एक घेतली. दुसरी पण घेऊ का जादा म्हणून? आणि नाना, जोडणीचं काही राहिलं असेल तर सांगा.

गॅसवाले_नाना
दुसरी घ्या. एक पेटती, एक भरलेली. पहिली संपली की लगेच दुसरी लावायची आणि पुढच्या मोठ्या गावात रिकामी बदलायची, म्हणजे चिपळूणपर्यंत ढकलू, गुहागरला बघू असं होत नाही.

टाकी घेताना कड्याच्या आतल्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि आकडा बघायचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढं साल. ती तारीख उलटलेली टाकी घ्यायची नाही. टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडात पाण्याचा थेंब टाकायचा, बुडबुडा आला तर आतली रबरी रिंग गेलेली, परत द्यायची. नळी सुरक्षावाली, केशरी, दीड मीटरच्या आतली, पाच वर्षांनी बदलायची, गाडीत असेल तर मी म्हणतो त्याच्या आधीच. जोड तपासायचा साबणाच्या फेसाने, काडीने नाही. हसू नका, काडीने तपासणारे भेटलेत मला.

टाकी कायम उभी, पट्ट्याने आवळलेली. आडवी केली तर वाफेऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये घुसतो. आणि गाडी चालू म्हणजे रेग्युलेटर बंद, लांब पल्ला असेल तर काढून टोपी लावायची. गळती झालीच तर १९०६ नंबर चोवीस तास चालू असतो, पण तो फोन गाडीपासून लांब जाऊन करायचा.

बुधगावची_शेंग
काटा घ्यायला विसरू नका.

यवतेश्वर_घाट
मंडळी, दिवाळीचा दौरा करून परत आलो. सहा दिवस, पाच माणसं. धागा सुरू मी केला होता म्हणून हिशेब देणं भाग आहे.

निघताना आणि आल्यावर दोन्ही वेळा काट्यावर टाकी तोलली (शेंगदादा, खूष व्हा). २ किलो १०० ग्रॅम गॅस गेला. दोन वेळा भाकरी-भाजी-भात, तीन-चार वेळा चहा, एक दिवस आईने हट्टाने पुरणाचे दिंड केले त्यासकट. म्हणजे दिवसाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, एक टाकी पंधरवडा जाईल. दुसरी टाकी उघडलीच नाही, पण ती मागे आहे म्हटल्यावर बायकोने एकदाही 'गॅस पुरेल ना' विचारलं नाही, ते पैसे तिथंच वसूल.

आता चूक सांगतो. पहिल्याच दिवशी कोयनानगरला चहा करून निघालो आणि रेग्युलेटर बंद करायला विसरलो. कुंभार्ली उतरताना आई मागे खाली गादीवर आडवी झालेली, तिने हाक मारली, "अरे, कुजक्या कांद्यासारखा वास येतोय." पुढं बसलेल्या आम्हा चौघांना काही म्हणजे काही आला नाही. गाडी कडेला घेतली, सगळी उतरवली, दारं उघडली. नळी बेडच्या पत्र्याच्या कडेला घासून घासून चिरली होती, घाटातल्या वळणांनी उरलेलं काम केलं. अलार्म घेतला होता, पण तो बसवायचा होता 'पोचल्यावर'. डब्यातच होता.

तळाला भोक पाडून घेतलं होतं म्हणून बराचसा बाहेर गेला असावा. चिपळूणला नवी नळी घेतली, पत्र्याच्या कडेला रबर लावलं, अलार्म त्याच रात्री बसवला. धोपावेहून दाभोळला फेरीबोटीतून गाडी नेली तेव्हा रेग्युलेटर काढून, टोपी लावून, तीन वेळा बघून मगच चढलो. पोरं आता मला 'रेग्युलेटर बाबा' म्हणतात.

गॅसवाले_नाना
आईंना नमस्कार सांगा. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घालतात, आणि जड असल्यामुळं खाली झोपलेल्याला आधी कळतो. बेडच्या फॅब्रिकेटरला ती चिरलेली नळी नेऊन दाखवा, पुढच्या गिऱ्हाइकाचं भलं होईल.

चालकेवाडीचा_वारा
गुहागरला किनाऱ्यावर वारा कसा होता? शेगडी टिकली?

यवतेश्वर_घाट
बाहेर मांडली तर दोन वेळा विझली. मग गाडीची बाजू वाऱ्याला आडवी लावली आणि आडोशाला बसलो. पहाटेचा चहा तुमच्या सांगण्याप्रमाणे कॅनवर, एक कॅन सहा दिवस पुरला.

लेस्टरचा_वाळवेकर
जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला मुक्काम कराल तर पहाटे दहिवर बघायला मिळेल. त्या दिवशी टाकीच्या जाळाची नोंद ठेवा आणि इथं टाका, लडाखची रंगीत तालीम.

यवतेश्वर_घाट
टाकतो. लडाखचं आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, तिकडं ज्वारी मिळते का.

दिंडीवाले_मामा
मिळत न्हाई. पीठ हितनंच न्या, आन् टाकीपास्नं लांब ठेवा, वास धरतंय.